ऊसतोड टोळीचे फोटो काढायचेत, पण मुकादमानं "काढा" म्हटलं म्हणजे झालं का?

सई_फिफ्टीएमएम

नमस्कार मंडळी. मी करवीर तालुक्यातली, नोकरी कोल्हापुरात, सुट्टीच्या दिवशी फोटो काढते. आतापर्यंत सगळं तेच ते, रंकाळ्याचा सूर्यास्त, जोतिबाचा गुलाल, पन्हाळ्याचं धुकं, इन्स्टावर चार लाइक आले की विषय संपला. यंदा ठरवलं की एकच विषय धरून सलग काम करायचं. आणि विषय तर दारातच आहे, आमच्या गावच्या माळावर दरवर्षी दिवाळी झाली की बीडकडची टोळी उतरते, कोपी, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात, आणि फेब्रुवारी-मार्चात एक दिवस सगळं गायब. लहानपणापासून बघतोय पण त्यांच्यातल्या एकाचंही नाव आमच्या घरात कुणाला माहीत नाही.

तर गेले एकदा. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा, ओळखीचा आहे, त्यानं मुकादमाशी गाठ घालून दिली. मुकादम एकदम गोड, "काढा की मॅडम, किती पण काढा", आणि लगेच हाका मारून बायकांना ओळीत उभं केलं. एकीनं पदर ओढून तोंडच फिरवलं, दोघी हसत कोपीत पळाल्या, आणि एक वयस्कर बाई, हातातला कोयता तसाच, मला म्हणाली, "फोटो काढून आमाला काय मिळंल बाई?" मला काही बोलताच येईना. चहा घेतला आणि कॅमेरा बॅगेतून न काढता परत आले.

आमच्या ग्रुपमधल्या एका सीनियर सरांना विचारलं तर ते म्हणाले लेकरांचे क्लोजअप घे, नाक वाहत असलं तर पुसू नको, ब्लॅक अँड व्हाइट कर, स्पर्धेत नंबर फिक्स. मला ते ऐकूनच कसंतरी झालं पण ते बरीच वर्षं करतायत आणि त्यांना बक्षिसं पण आहेत, म्हणून माझंच काही चुकतंय का असं वाटायला लागलंय.

मुकादम हो म्हणाला तर ती परवानगी धरायची का, बायकांना वेगळं विचारायचं तर कसं, लेखी घ्यायचं का (सही येत नसेल तर?), लहान मुलांचं काय, आणि त्या बाईला मी काय उत्तर द्यायला पाहिजे होतं? पुढं जमलं तर शाहू स्मारकच्या गॅलरीत छोटं प्रदर्शन लावायचं मनात आहे. लेन्स ५० एमएम आणि जुनी ७०-२०० झूम आहे.

---

जुना_रोल

सई, कॅमेरा न काढता आलीस ते बेस्ट केलंस, काहीजणांना हे कळायला अर्धी नोकरी जाते. मी पेपरात फोटोग्राफर होतो, फिल्मपासून डिजिटलपर्यंत, आता रिटायर.

आधी ती ७०-२०० घरी ठेव. लांबून ओढून काढलेला फोटो बघणाऱ्याला लगेच कळतो, समोरचा माणूस तुझ्याशी बोलतच नाहीये हे फोटोत दिसतं. ५० पुरे, ३५ मिळाली तर अजून बरं, कारण कोपीच्या आत जागाच नसते आणि ३५ नं काढायचं तर तुला माणसाच्या पुढ्यात जाऊन बसावंच लागतं.

दुसरं वेळेचं. तू बहुतेक दिवसा गेली असशील, तेव्हा टोळी फडात असते आणि तळावर म्हातारी माणसं, लेकरं आणि मुकादम. ही माणसं पहाटे तीन-चारला उठतात, बायका त्याच्या आधी, भाकरी थापून बांधून घेऊन निघतात, दिवसभर तोड, मग मोळ्या बांधून वाहन भरायचं, आणि वाहन कधी येईल त्याला काही ताळतंत्र नाही, रात्री अकराला ट्रक आला तर अकराला भरायचा. अशा माणसाला तू संध्याकाळी जाऊन "जरा नॅचरल बसा" म्हणलीस तर तो मनात काय म्हणत असेल. कारखाना काही बिघाड होऊन बंद पडला किंवा तोडीची चिठ्ठीच मिळाली नाही की टोळीला रिकामा दिवस मिळतो, तो तुझ्या चिटबॉयला आधी कळतो. त्या दिवशी जा. बायका धुणं धूत असतात, कुणी कोयत्याला धार लावत असतं, बोलायला सवड असते. पहिल्या एकदोन फेऱ्या कॅमेरा गळ्यात राहू दे पण काढू नको, तो लपवायचा पण नाही.

सुधारक ओलवे यांचं काम बघितलं आहेस का? मूळचे अकोल्याचे, मुंबईत प्रेस फोटोग्राफर, महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, २०१६ ला पद्मश्री मिळाली. त्या फोटोत घाण आहे, गटार आहे, सगळं आहे, पण ते कामगारांच्या घरात पण गेलेत, त्यामुळं तुला तिथं माणूस दिसतो, नुसता मैला दिसत नाही. ब्लॅक अँड व्हाइट तिथं पण आहे, म्हणजे दोष ब्लॅक अँड व्हाइटचा नाही. तुझ्या सीनियर सरांना सांग.

आणि कॅप्शन! ह्याकडं कुणी लक्षच देत नाही. अमेरिकेतला १९३६ चा तो जगप्रसिद्ध फोटो, डोरोथिया लँगनं काढलेला, मजूर आई आणि खांद्याला बिलगलेली दोन पोरं. लँगनं त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. तिच्या नोंदीत होतं की ह्या कुटुंबानं खाण्यासाठी गाडीचे टायर विकले. बाईचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि घरच्यांनी सांगितलं की टायर वगैरे काही विकले नव्हते. चाळीस वर्षं ती बाई सगळ्या जगात गरिबीचा चेहरा म्हणून फिरली, तिला त्यातून एक पैसा नाही, आणि खालची गोष्ट पण धड खरी नाही. त्यामुळं वही ठेव. नाव, गाव, टोळीत काय काम, आणि ती स्वतः काय म्हणाली ते तिच्या शब्दात. नाव छापायचं का नाही ते नंतर बघू, पण तुला माहीत पाहिजे.

---

बिंदू_चौक_लाइव्ह

सगळं बरोबर हाय काका पण एवढा विचार केला तर फोटो कवा काढायचा? मी स्ट्रीट करतो, महाद्वार रोडला रोज कॅमेरा घेऊन फिरतोय, कुणाला विचारत न्हाई. विचारलं की माणूस लगेच पोझ देतंय, केस नीट करतंय, खरा क्षण गेला. मुकादमाला विचारून, बाईला विचारून, फॉर्म भरून जो फोटो येतोय तो संस्थेच्या वार्षिक अहवालात बघितलाय का कधी? सगळी हसत्यात, हातात वही-पेन, मागं बॅनर.

आणि एक सांगा, फडात दहा वर्षाचं पोरगं मोळी उचलत असंल तर त्याचा फोटो मुकादमाला विचारून मिळणाराय का? कारखान्याला विचारून मिळणाराय का? अमेरिकेतच लुईस हाईन म्हणून एकजण होता, गिरण्यांत खाणीत राबणाऱ्या पोरांचे फोटो त्यानं काढले, १९०८ पासून, कधी बायबल विकणारा बनून तर कधी इन्शुरन्सवाला बनून आत घुसायचा, आणि त्या फोटोंचा बालमजुरीच्या कायद्यासाठी उपयोग झाला. त्यानं परवानगी घेत बसायला पाहिजे होतं काय? विचारा की.

सई, तू काढ. जास्तीत जास्त काय, कुणी नको म्हणलं तर डिलीट कर. नाद खुळा विषय हाय, सोडू नको.

---

वकील_गंगावेश

कायद्यापुरतं थोडक्यात सांगतो, कारण वर दोन्हीकडून जरा जास्तच जोर लागलाय.

सार्वजनिक जागेत फोटो काढायला आपल्याकडं सरसकट बंदी नाही, पण कोपी हे त्यांचं घर आहे, माळ गायरान असला तरी. तिथं आत वाकून काढलेला फोटो आणि महाद्वार रोडवरचा फोटो ह्यांना एका मापानं मोजू नका.

लहान मुलांचं नीट वाचा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख कळेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीच प्रसिद्ध करता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कामगार कायदे मोडून कामाला लावलेलं मूल ह्याच व्याख्येत येतं. म्हणजे बिंदू चौकवाल्या भावाच्या उदाहरणातलं मोळी उचलणारं पोरगं तर नेमकं त्यातच. पाठमोरा काढा, हात काढा, मोळीखाली चेहरा दिसत नसेल तसा काढा, पण चेहरा आणि गावाचं नाव एकत्र छापू नका. हाईनच्या वेळी हे कायदे नव्हते, ते यावेत म्हणूनच तो धडपडत होता. आणि असं मूल दिसलं तर फोटोच्या आधी १०९८ ला फोन करा, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पूर्वी भादंवि २२८अ, आता भारतीय न्याय संहिता कलम ७२. मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं, कलम २३ पण लागतं. बायका विश्वासानं काही सांगतील तेव्हा हे लक्षात असू द्या, इथं "ती स्वतःच हो म्हणाली" एवढ्यावर भागत नाही.

लेखी संमती घ्याच असं कायदा प्रत्येक फोटोला म्हणत नाही. पण प्रदर्शन, स्पर्धा, विक्री असेल तर असलेली बरी. सही येत नसेल तर मोबाईलवर त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करा, फोटो कुठं लागणार, कोण बघणार, पैसे मिळाले तर काय, आणि नंतर नको वाटलं तर कुणाला फोन करायचा. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊ नका, त्यांनी आयुष्यात पुरेसे अंगठे उठवलेत.

---

माजलगावची

मी सहसा इथं लिहीत नाही, लेन्स-बिन्स मला कळत नाही, नवऱ्यामुळं हा ग्रुप बघते. पण हे वाचून राहवलं नाही. माझे आईवडील कारखान्याला जायचे, गाडी सेंटरला, म्हणजे बैलगाडीवाले. मी पण सहावीपर्यंत त्यांच्याबरोबर होते, मग हंगामी वसतिगृहात राहिले. कारखाना कुठला ते सांगत नाही, तुमच्याच भागातला. आता मी कोल्हापुरातच नोकरी करते.

सई ताई, मुकादमाची परवानगी म्हणजे सावकाराची परवानगी. उन्हाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, लाखभर, दीड लाख, नवरा-बायको मिळून एक कोयता धरून. ती उचल फिटेपर्यंत तुम्ही त्याचे. एक दिवस आजारी पडला की खाडा, तो पण उचलीत चढतो. त्यानं "उभ्या ऱ्हावा" म्हटल्यावर आमच्या बायकांनी नाही कसं म्हणायचं? जिनं तोंड फिरवलं ती टोळीतली सगळ्यात धीट बाई समजा.

तोंड का फिरवतात तेही सांगते. लाज असते, पण नुसती लाज नसते. कोल्हापुरात काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर दोन दिवसात आमच्या गावात जातो. सुनेचा फोटो सासऱ्याच्या मोबाईलवर, पोरगी लग्नाची असली तर अजूनच. आणि कुणी फोटोबरोबर खरं बोललं, पाणी नाही, संडास नाही, मुकादम असा बोलतो, तर पुढच्या वर्षी त्या कोयत्याला उचलच मिळत नाही. तुमचं प्रदर्शन आठ दिवसाचं, त्यांचा पुढचा हंगाम जातो.

२०१९ ला आमच्या जिल्ह्यातल्या गर्भपिशव्यांची बातमी फुटली. विधान परिषदेच्या उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२ हजारांच्या वर बायकांची पाहणी झाली, १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. बातमी खरी होती, यायलाच पाहिजे होती. पण तेव्हा आमच्याकडं कॅमेरे घेऊन जी माणसं आली त्यातल्या एकानं माझ्या मावशीला पोटावरचा टाका दाखवता का म्हणून विचारलं. मावशीनं त्याला दारातून हाकललं, आणि मग तो म्हणे ह्या बायका सहकार्य करत नाहीत.

आणि लहानपणी जे येऊन फोटो काढायचे त्यांचा एकच आवडता फोटो, गाडीखाली साडीची झोळी आणि झोळीत लेकरू. माझे भाऊ त्या झोळीत कितीदा फोटोत गेले असतील देव जाणे, आमच्या घरात एक पण नाही. माझ्या वडलांना फोटो पाहिजे होता बैलांबरोबर. उचलीतून घेतलेली जोडी, शिंगं रंगवलेली, वडील स्वतः न जेवता त्यांना आधी उसाचं वाढं टाकायचे. एका साहेबांना वडलांनी म्हटलं बैलांसंगं काढा, तर ते म्हणाले बैल बाजूला घ्या, फ्रेम बिघडतीय. आम्हाला लई हसू आलं होतं तेव्हा, बैलांशिवाय आमचं होतंच काय दाखवायला.

तुम्ही विचारता काय काढू, तर तळावर न्हाणी बघा. चार काठ्या रोवून तीन बाजूंनी जुनी साडी, चौथी बाजू उसाच्या फडाची, ती पण ऊस उभा असेल तोवरच. त्यात बायका अंधारात अंघोळ करून घेतात, तांबडं फुटलं की संपलं, मग दिवसभर लघवीला पण फडातच आडोसा शोधायचा. त्या न्हाणीचा फोटो काढा, रिकामी असताना. कुणाचा चेहरा लागत नाही त्याला, आणि ज्या बाईला कळायचं तिला कळतं. मुकादमाची डायरी असते, त्यात प्रत्येक कोयत्याच्या नावापुढं टन, खाडे, उचल सगळं लिहिलेलं, ती काढू देतो का बघा बरं एवढा गोड आहे तर! वजनकाट्याची पावती बघा. जानेवारी २०२४ ला संप-बैठका होऊन तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, टनाला २७३ वरून ३६६ च्या आसपास, पण आमच्यातल्या किती बायकांना आपल्या कोयत्याचे टन माहीत असतात ते विचारा. हिशोब पुरुषाच्या हातात, आणि निम्मं काम तिचं, ऊस साळायचा तिनं, मोळी बांधायची तिनं, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं तिनं.

त्या बाईनं विचारलं ना काय मिळंल, तिला खरं सांगा. काही मिळणार नाही, फोटो मिळंल. एवढंच सांगा. अनुदान मिळंल, शाळा निघंल असलं सांगू नका, ते सांगणारे लई येऊन गेलेत. पण मग फोटो खरंच आणून द्या, आणि पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आत द्या, एकदा कारखाना बंद झाला की टोळी रातोरात गाड्या भरून निघती, नंतर कुठं शोधत बसणार.

---

सई_फिफ्टीएमएम

ताई, हे दोनदा वाचलं. खूप आभार, बैलांचं तर डोक्यातून जातच नाहीये. आमच्या माळावरची टोळी डोकी सेंटर आहे बहुतेक, बैल नाहीत, ट्रॅक्टर येतो. एक विचारू का, टोळीत माझ्याएवढ्या दोन-तीन मुली आहेत, त्यातली एक त्या दिवशी मोबाईलवर रील करत होती, उसात उभी राहून, गाणं लावून, एकदम भारी. मला बघून थांबली. तिच्याशी बोलायला सुरुवात करू का, की ते जरा आगाऊपणाचं होईल?

---

माजलगावची

तिच्याशीच करा. टोळीतल्या पोरापोरींना आता कॅमेरा तुमच्याइतकाच कळतो, लाइट कुठून येतोय, कुठल्या बाजूनं चेहरा चांगला दिसतो, सगळं. तिला विचारा तुझ्या रीलमध्ये काय घेतीस आणि काय घेत नाहीस. ती कोपी दाखवत नसेल, बघा तुम्ही, मागं ऊसच असेल. ती जे मुद्दाम गाळती ते तुम्ही तिला न विचारता दाखवणार असाल तर आधी विचार करा. तुमचा कॅमेरा तिच्या हातात द्या जरा वेळ. पडला तर पडला.

---

जुना_रोल

माजलगावच्या ताई, एवढं लिहिलंत, बरं वाटलं. न्हाणीचा फोटो माझ्या डोक्यात कधीच आला नसता, इतकी वर्षं त्या तळांवरून गाडी मारत गेलोय.

कॅमेरा हातात द्यायचं म्हणालात त्यावरून, तामिळनाडूचा पळनी कुमार म्हणून फोटोग्राफर आहे, गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांवर त्याचं काम आहे, तो अशा वस्त्यांतल्या मुलांना फोटोग्राफी शिकवतो. पत्रकार पी. साईनाथ यांच्या पारीसाठी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) काम करतो, ती वेबसाइट २०१४ पासून आहे, मराठीत पण वाचता येते, ऊसतोडीवर तिथं बरंच आहे. सई, तिथं फोटोखालच्या ओळी वाच, नाव, गाव, वय, काम, आणि त्या माणसाचं बोलणं.

बिंदू चौक, तुझा अहवालवाला मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, बॅनरसमोरचे हसरे फोटो म्हणजे पण खोटंच. पण उलटं टोक पण बघ. २०१८ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोच्या इन्स्टावर अलेसिओ मामो ह्या इटालियन फोटोग्राफरची सिरीज आली होती, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या गरीब माणसांपुढं टेबल मांडून त्यावर खोटं जेवण ठेवलेलं, आणि माणसांना डोळ्यावर हात ठेवून मनातल्या जेवणाची कल्पना करा म्हणून सांगितलेलं. जगभरातून शिव्या पडल्या. आता तिथं विचारूनच काढलं होतं की सगळं, माणसं स्वतः उभी होती! म्हणजे नुसतं विचारलं की सुटलो असं पण नाही. समोरच्याला तू कशाला उभं करतोयस हा प्रश्न राहतोच.

---

बिंदू_चौक_लाइव्ह

ते मामोचं मला माहीत नव्हतं, बघितलं आत्ता, लई घाण प्रकार हाय.

ताईंचं पटलं, मुकादमाबद्दल तर पूर्ण. पण माझा मुद्दा मी सोडत न्हाई. २०१९ च्या पुरात मी शिरोळ भागात होतो, बोटीतनं माणसं काढतानाचे फोटो कुणाला विचारून काढायचे? म्हातारी बोटीत बसून रडतीय, मी तिला फॉर्म देऊ? काढला मी, आणि परत काढीन. हां, नंतर जी तांदळाची पिशवी देता-घेतानाचे फोटो काढणारी जत्रा आली तिची मला पण चीड हाय, एक पिशवी आणि आठ हात, आणि घेणाऱ्याला म्हणत्यात वर बघा. लोकांनी शेवटी पिशवी नको पण फोटो आवरा म्हणायची पाळी आलती.

---

माजलगावची

पुराचं वेगळं दादा. तिथं पाणी सगळ्यांच्या घरात गेलं होतं, तुमच्या पण ओळखीच्यांच्या. आमच्या तळावर दरवर्षी पाच महिने तेच चालू असतं, तिथं घाई कसली? पुरात विचारायला वेळ नव्हता हे मान्य, माळावर वेळच वेळ आहे.

---

बिंदू_चौक_लाइव्ह

हे मात्र मान्य. 🙏

---

वकील_गंगावेश

प्रदर्शनाबद्दल एक राहिलं. हक्क फोटो काढणाऱ्याचा असतो, म्हणजे सईचा, पण स्पर्धेला पाठवताना अटी वाचा, बऱ्याच ठिकाणी आयोजकांना फोटो वाटेल तिथं, वाटेल तितकी वर्षं वापरायची मुभा लिहिलेली असते. त्या बाईला तुम्ही शाहू स्मारक सांगितलं आणि उद्या तिचा चेहरा कुठल्यातरी कर्जाच्या जाहिरातीत दिसला तर तुमच्या हातात काही राहणार नाही. अशा स्पर्धेला चेहऱ्याचे फोटो पाठवू नका.

---

सई_फिफ्टीएमएम

हे पण माहीत नव्हतं. स्पर्धेचा विषय सध्या बाजूलाच ठेवते. चिटबॉयला सांगून ठेवलंय रिकाम्या दिवसाचं. प्रिंट कसल्या द्यायच्या? कोपीत चुलीचा धूर असतो आणि रात्री दव पडतं, साधी प्रिंट टिकेल का?

---

जुना_रोल

चार बाय सहाची लॅबवाली प्रिंट काढ, कलरच, त्यांना ब्लॅक अँड व्हाइट देऊ नको, साडीचा रंग दिसला पाहिजे. दहा-पंधरा रुपयांत होते. लॅमिनेशन करून घे, कडेला बोटभर मोकळं प्लास्टिक सोडायला सांग, नाहीतर पाणी आत शिरतं. मागं तारीख लिही आणि तुझा नंबर. एका घराला एक देऊ नको, नवरा-बायकोचा एक आणि लेकरांचा एक असं दे, आणि जो फोटो त्यांनी मागितला तो आधी, तुला आवडलेला नंतर. प्रदर्शन लावायचंच असेल तर पहिलं माळावर लाव, दोरी बांधून चिमट्यांनी, पट्टा पडायच्या आधी. तिथं ज्या फोटोवर कुणी "हा नको" म्हणेल तो शाहू स्मारकला न्यायचा नाही. बायकांना मुकादमासमोर विचारू नको, फोटो दोरीवर असताना आपोआप बोलतील.

---

माजलगावची

काका, हे लई भारी. दोरीवर लावाल तेव्हा मला कळवा, मी येते, सुट्टी टाकते.

---

गडहिंग्लजचा_पक्या

उशिरा आलो, सगळं वाचलं. माझ्याकडं कॅमेरा नाही, आमच्याकडं पण टोळी आली आहे, नुसत्या मोबाईलवर काढले तर चालेल काय असल्या कामाला?

---

बिंदू_चौक_लाइव्ह

पळतंय की भावा, मोबाईल बघून माणसं कमी बुजतात उलट. फक्त कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद कर, न्हाईतर फोटो जिथं जाईल तिथं त्या कोपीचा पत्ता पण संगट जातोय, आणि तिथं रात्री बायका-पोरी झोपलेल्या असत्यात.